बिनफुंकणीचे दिवस

दाढ काढल्यावर डॉक्टरांनी पाच गोष्टी सांगितल्या. त्यातल्या चार माझ्या सासूबाईंना पटल्या नाहीत आणि पाचवी पटली, म्हणून मला भर उन्हाळ्यात, सण नाही की वार नाही, माहेरी जायला मिळालं.

पुण्यात पूर आला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी सतरा वर्षांची होते आणि लग्नाला वर्ष होत आलं होतं. मुळशीच्या धरणाच्या एका काठाला सासर, समोरच्या काठाला माहेर आणि मधे पाणी. संध्याकाळी हंडा घेऊन गेलं की पलीकडच्या डोंगराखाली धुराची रेघ दिसायची. ती आमच्याच घराची, असं मी ठरवून टाकलं होतं. तिथे वीसेक घरं होती आणि सगळ्यांच्या चुली त्याच सुमाराला पेटायच्या, हे मला कळत नव्हतं असं नाही, पण कुणी बोलून दाखवू नये एवढंच वाटायचं. त्या धुराखाली आई एकटी होती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, भाऊ आणि वहिनी मुंबईला गिरणगावात. आईच्या सोबतीला एक म्हैस होती. वर्षभरात मी आईकडे एकदाच जाऊन आले होते, दिवाळीला, चार दिवस. पाण्याकडे बघत उभी राहिले की हंडा भरून वाहायला लागायचा.

तर दाढ. खालची, डावीकडची. सासूबाईंनी तिच्यावर मिशरी दाबून बघितली. गाल सुजून डोळा झाकायला आला तेव्हा मालक मला बाजाराच्या दिवशी पौडला दवाखान्यात घेऊन गेले. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा एसटीत शेजारी बसलो होतो. एरवी घरात चार शब्द बोलायची चोरी. त्या दिवशी ते बरंच बोलले आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. माझं नशीब असलंच.

डॉक्टरांनी दाढ काढली, कापसाचा बोळा दाताखाली दिला आणि मालकांना समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. थुंकायचं नाही. मिशरी लावायची नाही. गरम, कडक खायचं नाही, आणि उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या चुळा. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, चूल कोण पेटवतं? मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"मग आठ दिवस फुंकणी हातात धरायची नाही. खळग्यात रक्ताची गाठ बसली आहे, ते जखमेवरचं झाकण. दही लागत असताना भांडं हलवतो का आपण? तसंच हे. जोरात फुंकलंस की गाठ निघून येईल, मग हाड उघडं पडतं आणि दुखणं कानात शिरतं."

घरी आल्यावर हे सगळं मालकांनी सासूबाईंना सांगितलं. थुंकायचं नाही हे त्यांना घाण वाटलं. मिशरी नाही म्हटल्यावर दात कशानं घासायचे असं त्यांनी विचारलं. भाकरी नको आणि गरम नको, तर मग माणसानं जगायचं कशावर. मिठाच्या चुळा म्हणजे मीठ फुकट. पण फुंकणीचं ऐकून त्या बोटांवर मोजायला लागल्या. त्यांचं डोकं हिशेबी होतं. तीन माणसांचा स्वयंपाक, दोन वेळची चूल, गुरांचं आंबोण, आणि सून फुंकणार नाही.

"फुंकायचं न्हाई तर चुलीपुढं बसून करनार काय? धूर खायाचा?" त्या म्हणाल्या. "जा आठ दिस आईकडं. राब भाजायला लागायच्या टायमाला परत ये. शब्दावर आलीस तर गौरीलाबी धाडीन."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. शेण, पाला, काटक्या पसरून ती जमीन भाजायची, तेव्हा घरातले सगळे हात लागतात. मी मान डोलावली. तोंडात बोळा होता ते बरं झालं, नाहीतर माझा आनंद दिसला असता. जबड्याला भोक पडलंय आणि बाई मनातल्या मनात फुगडी घालतेय, असा प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला होडीत बसवलं आणि नावाड्याला बजावलं की हिला बोलायला लावू नका. नावाडी सगळ्या वाटेनं एकटाच बोलत होता.

आईनं मला बघून आधी विचारलं की हाकललं की काय. मी गालाकडे बोट दाखवलं. तिनं मला ओसरीच्या कडेला नेलं, सूर्याकडे तोंड करून बसवलं, अंगठा हनुवटीला लावला आणि म्हणाली, "आ कर." पुढे रोज सकाळी हेच. तिच्या अंगठ्याला शेणाचा आणि दुधाचा मिळून एक वास असायचा. आजही हनुवटीला कशाचा स्पर्श झाला की मला तो वास येतो, आणि घरात तर गेली तीस वर्षं म्हैस नाही.

त्या दिवसांत मी काय खाल्लं ते सगळं आठवतं. गार केलेली नाचणीची आंबील. दूध घालून हातानं कुस्करलेला मऊ भात. तांब्यात कोमट मिठाचं पाणी. त्याच्या चुळा जोरात भरायच्या नाहीत, नुसतं मान कलती करून पाणी या गालातून त्या गालात जाऊ द्यायचं. आईही माझ्याबरोबर आंबील नि मऊ भातच खायची. मी म्हटलं, तू भाकरी कर की तुझ्यापुरती. तर म्हणाली, एका तोंडासाठी कुठं पीठ मळत बसू. मला ते आवडलं. तिच्या ताटात आणि माझ्या ताटात एकच पदार्थ आहे याचं मला इतकं सुख होतं की दुसरं काही सुचलंच नाही.

चुलीजवळ ती मला येऊ द्यायची नाही. मी भिंतीला टेकून तिचं फुंकणं बघत बसायची. मान एका बाजूला टाकून, फुंकणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरून ती फुंकायची. लहानपणी ती तशी फुंकत नसे. मला वाटलं, एकटीनं राहून माणसाला चमत्कारिक सवयी लागतात.

सासरचे लोक वाईट नव्हते, हे मी सांगून टाकते. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण तिथे माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. माझ्या हातांकडे बघायचे, डोक्यावरच्या हंड्याकडे बघायचे. आई माझ्या तोंडात बघायची. रोज सकाळी उन्हात बसवून, वाकून, एक डोळा बारीक करून.

तिसऱ्या सकाळी ती बघून म्हणाली, "दही लागतंया." ती खूश झाली. माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं की ही जखम भरली की माझे दिवस संपले. त्या दिवसभर मी जिभेनं खळगा चाचपत राहिले. दर खेपेला तो थोडा कमी खोल वाटायचा.

चौथ्या दिवशी पहाटे आई म्हशीकडे गेली तेव्हा मी उठले. चुलीत राखेखाली निखारे होते. काटक्या घातल्या, फुंकणी घेतली आणि छाती भरून फुंकलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. तोंडात खारट आलं. काटक्यांनी पेट घेतला. मी फुंकणी होती तिथे ठेवली, रक्त गिळलं आणि पांघरुणात जाऊन पडले. आई आली. चूल पेटलेली बघून क्षणभर थांबली आणि दुधाचं भांडं तिच्यावर ठेवलं.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुखणं कानात शिरलं, तिथून डोक्यात. तोंडाला वास यायला लागला. मी भिंतीला डोकं लावून रडत होते. आईनं उन्हात नेऊन बघितलं आणि म्हणाली, "गाठ गेली." लगेच तिनं कनवटीला हात घातला, नेसूच्या कमरेच्या गाठीतून दोन लवंगा काढल्या, दगडानं ठेचल्या, कापसात गुंडाळल्या आणि खळग्यावर अलगद ठेवल्या. लवंगा तिच्या कमरेला तयार कशा, हे मी विचारलं नाही. दुखणाऱ्या माणसाला आपल्या दुखण्यापलीकडे काही दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर इतकं दुखत असतानाही आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. आता काही मला लगेच जावं लागत नाही, म्हणून.

आठव्या दिवशी मालक न्यायला आले. केळी घेऊन आले होते, सहा केळी. दात काढलेल्या माणसाला मऊ लागतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आईनं त्यांच्यासमोर मला आ करायला लावलं. त्यांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते आईला म्हणाले की अजून आठ दिवस राहू दे, राब आम्ही दोघं मायलेक भाजू. मग माझ्याकडे न बघता, आईलाच विचारावं तसं विचारलं, "रातीला झोप लागती का तिला?" ते होडीत बसून गेले आणि ती केळी माझ्या घशाखाली उतरेनात. हा माणूस त्याच्या आईबरोबर उन्हात माझ्या वाटणीचं शेण पसरणार होता.

केळी उतरेनात म्हणून मी शहाणी झाले असं मात्र झालं नाही. दुखणं कमी झालं, वास गेला, दहाव्या दिवशी आईनं मान डोलावली आणि अकराव्या पहाटे मी परत चुलीपाशी होते. फुंकणी जागेवर नव्हती. राखेत बघितलं, फडताळात बघितलं. मागे आवाज झाला म्हणून वळले तर आई दारात, एका हातात दुधाचं भांडं आणि काखेत फुंकणी.

मी खाली बसले आणि रडायला लागले. म्हटलं, मला जायचं नाही. तिथे मला काही झालं नाही तरी मला जायचं नाही. मला तुझ्याजवळ राहायचंय. असं मी तिला आधी कधी बोलले नव्हते. आमच्यात तशी पद्धत नव्हती. आईनं भांडं खाली ठेवलं, माझ्या शेजारी बसली. उजाडत होतं. दारातून पाणी दिसत होतं, उन्हाळ्यानं बरंच खाली गेलेलं, काठाचा लाल चिखल उघडा पडलेला.

"माजं म्हायेर त्या पान्याखाली हाय," ती म्हणाली. "त्या टेकाडाच्या पायथ्याला. मी लगीन करून हितं आले आन तीन सालात धरनानं गाव गिळलं. आईबाप कुटं कुटं गेलं. मला कुनी कवा आठ दिस धाडलं न्हाई. धाडनार कुटं? तुजं म्हायेर जमिनीवर हाय, बाय. त्येला असं वापरून संपवू नगंस. आज लबाडीनं ऱ्हायलीस, तर उद्या खरंच दुखंल तवा कुनी इस्वास ठेवनार न्हाई. सासूनं गौरीचा शबुद दिलाय, त्यो सांभाळ. आठाला दोन दिस कमी कर आन राबाला हात लाव जाऊन."

हे तिचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण. त्यानंतर तिनं दूध तापवलं.

जायच्या सकाळी तिनं नेहमीसारखं उन्हात बसवलं नाही. चुलीपुढे बसवलं आणि फुंकणी माझ्या हातात दिली. "फुंक," म्हणाली. मी हळू फुंकलं. "आसं न्हाई. सासरी फुंकतीस तसं." मी छाती भरून फुंकलं. जाळ झाला. तिनं माझी हनुवटी धरून तोंड दाराकडे वळवलं, अंगठ्यानं ओठ खाली ओढला. रक्त नव्हतं.

"भरली," ती म्हणाली आणि पाठ करून भांडी आवरायला लागली. तो एक शब्द मला इतका लागला की आजवर कुणी दिलेली शिवी तशी लागली नसेल.

होडी सुटली. आई चिखलात उभी होती, उजवा हात कमरेवर, डावा तळवा गालावर. आम्ही पाण्याच्या मध्यावर आलो तरी तिचा तळवा गालावरच. मला वाटलं, रडतेय. मग बघता बघता सगळं जुळत गेलं. गाल दाबून धरलेला. कनवटीच्या लवंगा. मऊ भात. मान एका बाजूला टाकून ओठाच्या कोपऱ्यातून फुंकणं. चौदा दिवस तिनं माझ्या तोंडात बघितलं होतं आणि मी एकदाही तिच्या तोंडात बघितलं नव्हतं. मी नावाड्याला होडी फिरवायला सांगितली. तो म्हणाला, वारं सुटलंय, काय विसरलं असंल तर पुढल्या खेपेला. मग मी बोचक्यात तोंड घालून बसले.

सासरी राबाचं काम अर्धं राहिलं होतं. सासूबाईंनी मला बघून फक्त "भरली का?" एवढं विचारलं आणि पाटी हातात दिली. मी दोन दिवस आधी आले हे त्यांच्या लक्षात आलं होतं, कारण त्या संध्याकाळी चूल त्यांनीच फुंकली.

श्रावण संपत आला तशी मी एके दिवशी सासूबाईंपाशी जाऊन बसले. म्हटलं, आत्याबाई, गौरीला धाडणार आहात तर एक विचारते. आईची दाढ किडलीय, पौडला नेऊन काढायचीय. पण काढल्यावर आठ दिवस फुंकायचं नसतं आणि ती एकटी आहे. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूपभर निवडून पूर्ण केलं. मग म्हणाल्या, "म्हंजी कुनीतरी फुंकाया पायजे." मी म्हटलं, हो. "तर मग फुंक की जाऊन. आठ दिस."

गौरी विसर्जन झाल्यावर आईला पौडला न्यायला मला दोन दिवस भांडावं लागलं. आता दुखत नाही, म्हणाली. म्हशीचं कोण बघणार, म्हणाली. या वयात तोंड उघडून परक्या पुरुषासमोर बसायचं म्हणजे काय, म्हणाली. शेवटी मी फुंकणी काखेत मारून दारात बसले तेव्हा उठली. डॉक्टरांनी दाढ काढली आणि तेच दह्याचं उदाहरण दिलं. आई बोळा दाबून माझ्याकडे बघत होती.

पावसानं लाकडं ओली होती. अशा दिवसांत फुंकून फुंकून डोळे लाल होतात, पण मला त्या आठ दिवसांतला धूरसुद्धा हवासा वाटतो. आई भिंतीला टेकून बसायची, उन्हाळ्यात मी बसले होते तिथेच. पहिले दोन दिवस तिला बसणं जमेना. मधेच उठायची, फुंकणीकडे हात न्यायची, मी ती काखेत घ्यायची. तिसऱ्या दिवशी ती पाय पसरून बसली. फार बोलू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ती बोलायला लागली. पाण्याखालच्या घराला किती खण होते, विहिरीच्या कुठल्या दगडावर तिचा पाय घसरला होता, तिची आई डोक्याला तेल लावताना काय गुणगुणायची. पस्तीस वर्षांत ती हे कुणाशी बोलली नव्हती. मी काटक्या सारत ऐकत होते. मऊ भात, आंबील, मिठाचं पाणी. तिच्या डोक्याला तेल मीच लावलं.

आता मी पुण्याजवळ सूसला मुलाकडे असते. बटण दाबलं की गॅस पेटतो, फुंकायला काही लागत नाही. मागच्या वर्षी उरलेल्यांतला एक दात काढला तेव्हा दवाखान्यातल्या मुलीनं छापील कागद दिला. नळीनं काही ओढून पिऊ नका, असं त्यात लिहिलं होतं. फुंकणीचं काही नव्हतं. सून गुणाची आहे, वेळेवर गोळ्या देते, मऊ खायला करते. पण सकाळी ऊन गॅलरीत आलं की मी उगाच खुर्ची तिकडे ओढते आणि बसते. कुणीतरी हनुवटीला अंगठा लावून आ कर म्हणावं असं वाटतं, आणि असं वाटायला माझं वय आता आईच्या तेव्हाच्या वयाहून किती जास्त आहे ते मी मोजत नाही.

तर त्या गौरीच्या खेपेला, आठव्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. मी आईला ओसरीच्या कडेला नेलं, सूर्याकडे तोंड करून बसवलं आणि तिच्या हनुवटीला अंगठा लावला. "आ कर," म्हटलं. तिनं तोंड उघडलं. मी एक डोळा बारीक करून वाकून बघितलं. हिरडी मिटली होती, गुलाबी आणि कोरडी. रक्त नाही, सूज नाही. मी काही म्हणायच्या आत तिनं तोंड मिटलं आणि पाण्याकडे बघत म्हणाली,

"अजून न्हाई भरली."

माझी आई आयुष्यात खोटं बोललेली मी ऐकली नव्हती.

"न्हाई," मी म्हटलं. "अजून दोन दिस तरी लागतील."

ती जाऊन भिंतीला टेकून बसली. मी फुंकणी घेतली आणि चुलीपुढे बसले.